क्षयाचा रुग्ण कुठे झोपवायचा? १९५० च्या दशकातले शहर, चाळ आणि मद्रासचा प्रयोग

उंबरठा (धागाकर्ता)

आमच्या लालबागच्या खोलीचे दार रंगवायला काढले, तेव्हा जुन्या रंगाचे थर खरवडताना आतल्या बाजूला खिळ्याने कोरलेल्या रेघा दिसल्या. चार उभ्या आणि त्यांच्यावरून एक तिरकी, असे पाचापाचांचे जुडगे कडीपासून खालच्या बिजागरीपर्यंत उतरत गेले होते. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. १९५८ साली आजोबांच्या फुप्फुसाला डाग असल्याचे छातीच्या फोटोत दिसले. त्यांनी रात्रीचे औषध घेतले, पाणी प्यायले आणि तोंड उघडून दाखवले की मगच ती दाराआड जाऊन एक रेघ ओढत असे. हा हिशेब एक वर्षाहून अधिक काळ चालला. आजोबा पुढे बत्तीस वर्षे जगले. त्यांना सॅनिटोरियममध्ये न ठेवता याच खोलीत, बायको, तीन मुले आणि धाकटा भाऊ यांच्यासह ठेवून बरे कसे केले गेले, हे शोधताना मी मद्रासच्या एका प्रयोगापर्यंत पोहोचलो. त्याविषयी मराठीत फारसे लिहिलेले दिसत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी त्या काळाची कल्पना यावी. देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात देशात क्षयाचे सुमारे पंचवीस लाख रुग्ण आणि वर्षाला पाच लाख मृत्यू असा अंदाज दिला होता, आणि या सगळ्यांसाठी देशभर मिळून उपलब्ध असलेल्या खाटा सहा हजारांच्या आसपास होत्या. तरीही उपचार म्हटला की सॅनिटोरियम, हे समीकरण डॉक्टरांच्या आणि लोकांच्या मनात पक्के बसले होते. मिरजेजवळची वानलेसवाडी, पाचगणीचे डॉ. रुस्तुम बिलिमोरियांचे बेल-एअर, मद्रासजवळचे तांबरम, आंध्रातले मदनपल्ली, कुमाऊँमधले भोवाली ही त्यातली ठळक नावे. स्वच्छ हवा, सक्तीची विश्रांती, दूध, अंडी, लोणी आणि घरापासून फारकत हा तिथला मुख्य उपचार होता. ज्याला तो परवडे त्याला महिनेच्या महिने, कधी वर्षेही, अंथरुणावर काढावी लागत. मात्र गिरणीतला बदली कामगार, हमाल, घरोघरी भांडी घासणारी बाई यांना खाट मिळाली तरी तिथे जाणे परवडण्यासारखे नव्हते, कारण कमावणारा माणूस वर्षभर दूर गेला की मागे चूल पेटण्याचीच पंचाईत होती.

औषधे याच सुमारास आली. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मधला, त्यापाठोपाठ स्वीडनच्या यॉर्गन लेमान यांनी पुढे आणलेले पास (पॅरा-अमिनोसॅलिसिलिक अॅसिड) हे औषध, आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड. यातले शेवटचे स्वस्त होते, तोंडाने घ्यायचे होते आणि अत्यंत प्रभावी होते. सॅनिटोरियमच्या भिंती खऱ्या अर्थाने हलल्या त्या या छोट्या गोळीमुळे, कारण ही गोळी डोंगरावरच्या हवेत घेतली काय आणि गटाराशेजारच्या खोलीत घेतली काय, पोटात तेच काम करणार, असा प्रश्न कोणीतरी विचारणे आता शक्य झाले.

तो प्रश्न शिस्तीने विचारला गेला मद्रासमध्ये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून १९५६ साली चेटपट भागात क्षयरोग रसायनोपचार केंद्र उभे केले आणि डॉ. वॉलेस फॉक्स यांच्याकडे त्याची धुरा आली. शहरातल्या गरीब वस्तीतले, थुंकीत जंतू सापडलेले, फुप्फुसाच्या क्षयाचे दोनशेच्या आसपास रुग्ण निवडून, कोणाच्याही मर्जीचा संबंध येणार नाही अशा रीतीने चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट पाडले. एक गट सॅनिटोरियममध्ये गेला आणि दुसरा आपापल्या घरीच राहिला. आयसोनियाझिड आणि पास ही औषधे दोघांनाही एक वर्षभर सारखीच मिळाली. बाकी सगळे मात्र घरच्या गटाच्या विरुद्ध होते. सॅनिटोरियममधल्यांना चौरस आहार, विश्रांती आणि परिचारिका मिळत होत्या. घरी राहिलेले लोक दाटीवाटीच्या जागेत राहत, कमी आणि निकृष्ट खात, आणि त्यांच्यापैकी अनेक जण कामही करत होते. घरातल्या बाया तर पाणी भरणे, स्वयंपाक, मुले हे सगळे करतच होत्या.

१९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षाच्या शेवटी सॅनिटोरियममधल्या ९२ टक्के आणि घरच्या ८६ टक्के रुग्णांचा आजार जंतूंच्या दृष्टीने शमलेला होता. सॅनिटोरियममधल्यांचे वजन साहजिकच जास्त वाढले होते, परंतु चांगले खाणे आणि पडून राहणे यांमुळे जंतू मरण्यात म्हणावा तसा फरक पडला नव्हता. शंभर वर्षांची समजूत एका वर्षाच्या काटेकोर नोंदींपुढे टिकली नाही.

या प्रयोगातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आकडेवारीतला नाही. घरच्या रुग्णांना आठवड्यातून एकदा केंद्रात येऊन औषध न्यावे लागे, आणि ते खरोखर घेतले जाते की नाही यावर केंद्राची माणसे बारीक नजर ठेवत. ती न सांगता घरी जाऊन उरलेले औषध मोजत आणि लघवीचा नमुना घेत. लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले की पास घेतलेल्या माणसाच्या नमुन्याचा रंग बदलतो, त्यामुळे थाप मारणे अवघड होते. खोकला थांबला, ताप उतरला, अंगात बळ आले की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माणसाला आपण बरे झालो असे वाटू लागते, आणि घसरण्याची खरी जागा तीच असते, हे त्या लोकांनी नेमके ओळखले होते. आमच्या आजीने फेरिक क्लोराइडचे नाव आयुष्यात ऐकले नव्हते, पण दारामागे तिने मांडलेला हिशेब त्याच गोष्टीचा होता.

तुमच्या घरांतल्या, चाळींतल्या, वाड्यांतल्या आठवणी असतील तर जरूर लिहा.

पाऊलवाट

लेख फार आवडला. मी सरकारी दवाखान्यात छातीच्या विकारांच्या विभागात बरीच वर्षे काम केले असल्यामुळे थोडी भर घालतो.

औषधे येण्यापूर्वी सॅनिटोरियममध्ये नुसती हवा आणि दूध दिले जात नसे. छातीत सुई घालून फुप्फुसाभोवती हवा भरत आणि फुप्फुस मिटवून ठेवत, म्हणजे त्याला विश्रांती मिळून पोकळी बुजावी. इटलीच्या फोर्लानिनी यांची ही पद्धत. ती हवा शरीरात जिरून जाई, म्हणून रुग्णाला ठरावीक दिवसांनी पुन्हा सुईखाली जावे लागे, आणि हे दोन-तीन वर्षे चाले. ते जमले नाही तर बरगड्या काढून छातीची ती बाजूच कायमची खचवत. माझ्या उमेदवारीच्या काळात असे एक वृद्ध गृहस्थ तपासायला येत. त्यांनी सदरा काढला की डाव्या बाजूला काखेखाली वाडगा ठेवावा एवढा खड्डा दिसे आणि तो खांदा झुकलेला असे. ते अभिमानाने सांगत, "सात बरगड्या दिल्या, पण जीव राखला."

दुसरे, स्ट्रेप्टोमायसिन आले आणि क्षय संपला असे जे सांगितले जाते ते बरोबर नाही. ब्रिटनमधल्या १९४८ च्या प्रसिद्ध चाचणीत ५५ रुग्णांना स्ट्रेप्टोमायसिन आणि विश्रांती दिली, तर ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले चार आणि दुसऱ्यातले चौदा दगावले. हा फरक डोळे दिपवणारा होता, पण पाच वर्षांनी मोजले तेव्हा पहिल्या गटातले ३२ आणि दुसऱ्यातले ३५ गेलेले होते. एकटे औषध दिल्यामुळे जंतू त्याला सरावले. दोन औषधे जोडीने आणि दीर्घकाळ द्यायची हा नियम एवढी किंमत मोजून शिकला गेला, आणि तुमच्या आजोबांना आयसोनियाझिडबरोबर पास का गिळावे लागले याचे उत्तर त्यात आहे.

पासविषयी सांगायचे तर त्याचा दिवसाचा डोस दहा-बारा ग्रॅम, म्हणजे भल्यामोठ्या पुड्या किंवा कॅशे (पातळ आवरणात भरलेली पूड). मळमळ, जुलाब, तोंडाची चव जाणे हे जवळजवळ ठरलेले. तुमच्या आजी तोंड उघडायला लावत, यात नवल नाही. पुष्कळ घरांत पासच्या पुड्या खिडकीतून बाहेर जात असत.

चाळकरी

माहिती उत्तम आहे, परंतु मला एक गंभीर आक्षेप नोंदवायचा आहे. गरिबाच्या घरात ठेवूनही रुग्ण बरा होतो, हे एकदा शास्त्राने सिद्ध केले की गरिबाचे घर सुधारायची गरज काय, असे म्हणायला राज्यकर्ते आणि मालक मोकळे होतात. माझा जन्म वरळीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळीतला. १९२० च्या दशकात मुंबईत वेगवेगळ्या ठिकाणी मिळून अशा २०७ चाळी बांधल्या, आणि एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्यात दिवसपाळीचे आणि रातपाळीचे आळीपाळीने झोपत. अंथरुण थंड होण्याआधी दुसरा त्यावर आडवा होई. गिरणीत साचा खात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात, सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद ठेवून हवेत पाण्याचा फवारा सोडत. अशा बंद, दमट जागेत आठ-दहा तास शेकडो माणसे खोकत उभी राहिली तर तिथून काय पसरणार?

साचा खात्याची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तुटलेला धागा थुंकीने ओला करून जोडावा लागे, आणि तेवढ्याच कारणासाठी अस्पृश्य मानलेल्या कामगारांना या जास्त पगाराच्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. धाग्यावरच्या थुंकीबद्दल एवढा विटाळ मानणाऱ्यांना त्याच खात्यातल्या कोंदट हवेबद्दल मात्र काहीच म्हणायचे नव्हते. क्षय त्या हवेतून पसरत होता.

तेव्हा मद्रासच्या प्रयोगाचे कौतुक जपून करावे, असे मला वाटते.

उंबरठा

चाळकरी, तुमचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि मूळ लेखात मी तो आणायला हवा होता. या प्रयोगातून दोन वेगळ्या प्रश्नांपैकी एकाचेच उत्तर मिळते. झालेला क्षय बरा करायला चांगले घर आणि चांगले अन्न अनिवार्य आहे का, याचे उत्तर "नाही" असे आले. क्षय होतोच कशाने, हा प्रश्न त्या प्रयोगात विचारलेलाच नव्हता. दाटी, कोंदट हवा आणि अर्धपोटी राहणे यांनी क्षय वाढतो, हे आधीही खरे होते आणि नंतरही खरे राहिले. इंग्लंडात औषधे येण्यापूर्वीच कितीतरी दशके क्षयाचे मृत्यू उतरत चालले होते, हा त्याचा ढळढळीत पुरावा आहे.

मात्र उलट बाजूही पाहावी, अशी विनंती आहे. सगळ्यांना चांगली घरे मिळेपर्यंत थांबायचे ठरवले असते, तर आमचे आजोबा थांबण्याइतके जगले नसते. सॅनिटोरियमची खाट मिळेपर्यंत रांगेत ठेवणे आणि घर सुधारेपर्यंत रांगेत ठेवणे, या दोन्हींत मरणारा माणूस तोच होता. मद्रासने त्याला रांगेतून बाहेर काढले. याचा गैरफायदा घेऊन कोणी चाळी तशाच ठेवल्या असतील, तर तो दोष त्या निर्णयाचा आहे आणि तो स्पष्ट शब्दांत सांगितला गेला पाहिजे, पण मद्रासच्या निष्कर्षाच्या माथी तो मारू नये.

कोकणकडा

शहराची गोष्ट शहरात संपत नाही, म्हणून लिहितो. आमच्या गावात "मुंबईहून खोकला घेऊन आला" असा वाक्प्रचारच होता. गिरणीतला माणूस झिजत चालला, रक्त पडू लागले की गाळ्यातली (मुंबईतल्या सामायिक खोलीत एकत्र राहणारी) मंडळी वर्गणी काढून त्याला बोटीत बसवून देत. बंदरावरून डोलीतून घरी आणायचे, माजघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात खाट टाकायची आणि ताट-वाटी वेगळी करायची. माझ्या आजोळी अशी तीन माणसे एका पाठोपाठ गेली. पहिला मुंबईहून आलेला, बाकीचे दोघे मुंबईचे तोंडही न पाहिलेले. मुंबईच्या मृत्यूच्या नोंदवहीत या तिघांपैकी एकाचेही नाव लागलेले नसणार, कारण मरण गावच्या हद्दीत आले.

१९५५ ते १९५८ या काळात देशभर क्षयाची नमुना पाहणी झाली, तेव्हा खेड्यांत क्षयाचे प्रमाण जवळपास शहरांइतकेच असल्याचे आढळले, आणि क्षय हा शहरांचा आजार आहे असे मानणाऱ्यांना मोठा धक्का बसला. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना तो बसला नसता.

पाऊलवाट

कोकणकडा, फार महत्त्वाचे लिहिलेत. या पाहणीमुळेच केवळ मोठ्या शहरांत खाटा वाढवून भागणार नाही हे धोरण ठरवणाऱ्यांच्या लक्षात आले. १९५९ साली बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली, आणि १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा हा घटक धरून थुंकीची तपासणी आणि घरी औषध यांवर भर दिला गेला. बंगळूरच्या संस्थेतल्या देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की खेड्यातले निम्म्याहून अधिक क्षयरुग्ण आपणहून दवाखान्याची पायरी चढून आलेले होते. लोक अडाणी आहेत, ते येत नाहीत, ही तक्रार खोटी ठरली. ते येत होते, आणि आम्ही डॉक्टर लोक त्यांना खोकल्याची बाटली देऊन परत पाठवत होतो.

मद्रासच्या केंद्राने पुढे आणखी एक पाऊल टाकले. रोजचे औषध चुकते तर आठवड्यातून दोनदा, पण आपल्या डोळ्यांसमोर द्यावे, असा विचार करून स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन आणि जादा मात्रेचे आयसोनियाझिड यांची पद्धत तपासली, आणि १९६४ मध्ये ती यशस्वी ठरल्याचे प्रसिद्ध झाले. समोर बसवून औषध देण्याची जी पद्धत पुढे जगभर गेली, तिचे एक मूळ चेटपटच्या त्या दवाखान्यात आहे. तो आता राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखला जातो.

शेवंती

मी इथे सहसा वाचनमात्र असते, परंतु हा धागा वाचून राहवले नाही.

माझ्या आईला १९६१ मध्ये, मी आठ महिन्यांची असताना, क्षय झाल्याचे निदान झाले. आम्ही गिरगावात दोन खोल्यांत राहत होतो. तिच्यावर घरीच उपचार झाले, पण घरातल्या मोठ्या माणसांनी तिला आतल्या खोलीत ठेवून मला बाहेरच्या खोलीत काकूकडे दिले. दाराच्या चौकटीवर आडवी फळी ठोकली होती, म्हणजे मी रांगत आत जाऊ नये. आई फळीच्या पलीकडे बसून माझ्याशी बोलत असे. असे चौदा महिने गेले. मी पहिल्यांदा चालले ते काकूच्या बोटाला धरून, आणि आईने ते फळीवरून पाहिले. तिच्यासाठी ठेवलेला जर्मनचा पेला ती बरी झाल्यावरही कित्येक वर्षे वेगळाच राहिला. पाणी कोणीही त्यातून पीत नसे.

आई आता नव्वदीच्या घरात आहे. तिला आजही वाटते की तिने मला जवळ घेतले नाही म्हणून मी वाचले. मला जाणून घ्यायचे आहे की त्या चौदा महिन्यांची खरोखर गरज होती का. उत्तर काहीही असले तरी चालेल, मात्र ते खरे असावे.

उंबरठा

शेवंतीताई, जेवढे मला ठाऊक आहे तेवढे नेमके सांगण्याचा प्रयत्न करतो, आणि चुकत असल्यास पाऊलवाट यांनी दुरुस्त करावे.

मद्रासच्या केंद्राने रुग्णांबरोबर त्यांच्या घरातल्या माणसांवरही लक्ष ठेवले होते. घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबात नवे रुग्ण जास्त निघतील, अशी भीती तेव्हा सर्वांनाच होती, आणि घरच्या उपचारांना होणारा सर्वांत मोठा विरोध याच भीतीतून होता. पहिला अहवाल १९६० मध्ये आणि पाच वर्षांच्या पाठपुराव्याचा १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा रुग्ण घरात राहिला त्यांना, ज्यांचा रुग्ण सॅनिटोरियममध्ये गेला त्यांच्याहून अधिक धोका झाल्याचे दिसले नाही. घरातल्यांना लागण व्हायची ती मुख्यतः निदान होण्याच्या आधी, आजार कळलेला नसताना आणि औषध सुरू नसताना झालेली होती. औषध नियमित सुरू झाले की रुग्णाकडून पसरण्याचा धोका झपाट्याने उतरतो.

यावरून सांगायचे तर सुरुवातीचे काही आठवडे तान्ह्या मुलाला जपण्यात चूक नव्हती, कारण लहान मुलांना हा आजार फार जोरात होऊ शकतो. पण चौदा महिन्यांची गरज नव्हती. पेल्याची तर मुळीच नव्हती, कारण फुप्फुसाचा क्षय पसरतो तो हवेतून. तुमच्या घरातल्यांना हे १९६१ मध्ये कळण्याचा मार्ग जवळजवळ नव्हता. पहिला अहवाल निघून जेमतेम वर्ष झाले होते आणि तो डॉक्टरांच्या नियतकालिकात होता.

तुम्हाला ज्या गोष्टीने वाचवले ती तुमच्या आईनेच केली होती. तिने औषध चुकवले नाही.

पाऊलवाट

दुरुस्त करण्यासारखे काही नाही. एवढेच जोडतो की आजच्या पद्धतीप्रमाणे अशा बाळाची तपासणी करून त्याला आजार नाही याची खात्री झाली की प्रतिबंधक औषध सुरू करतात, आणि ते आईजवळच राहते. उपचारांवर असलेल्या आईने तोंडाला फडके बांधून अंगावर पाजायलाही हरकत नसते.

शेवंती

तुम्हा दोघांची उत्तरे मी आज दुपारी आईला मोठ्याने वाचून दाखवली. तिला ऐकू कमी येते. इंजेक्शनांनंतरच कान गेले असे ती नेहमी म्हणते. त्यामुळे पेल्याचे वाक्य दोनदा वाचावे लागले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "ती फळी कुठे आहे गं?" मी सांगितले की खोली सोडली तेव्हा ती तिथेच राहिली. संध्याकाळी चहा ठेवला तर म्हणाली, माझा तुझ्याच कपात ओत.

चाळकरी

शेवंतीताई, आईंना नमस्कार सांगा.

उंबरठा, त्या दाराचे पुढे काय केलेत? रंगवलेत का?

उंबरठा

बाहेरची बाजू रंगवली. आतली तशीच ठेवली आहे.